पाटी लिहिणाऱ्याची की वाचणाऱ्याची?

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा जर्मनीत आखेन या गावी एका प्रयोगशाळेत काम करत होतो. आई-बाबा पहिल्यांदाच परदेशात आले होते. एका रविवारी भाड्याची गाडी घेऊन मी त्यांना शेजारच्या बेल्जियममधले ब्रुसेल्स दाखवायला नेले. जाताना काही अडचण आली नाही. परत निघताना संध्याकाळ झाली होती. मी गाडी चालवायची आणि बाबांनी शेजारी बसून पाट्या पाहायच्या, असे ठरले. ब्रुसेल्सहून आखेनला येताना वाटेत लीएज हे मोठे शहर लागते. मी बाबांना म्हटले, “लीएजची पाटी दिसली की सांगा. स्पेलिंग लक्षात ठेवा : एल, आय, ई, जी, ई.”

बाबा पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सांगितलेले काम ते मन लावून करतात. ब्रुसेल्सला वळसा घालणाऱ्या महामार्गावर पाटीमागून पाटी येत होती आणि ते एकेक नाव मोठ्याने वाचत होते. लीएज काही येईना. एक फाटा गेला, दुसरा गेला. नकाशाप्रमाणे आपला फाटा जवळ आला असावा असे वाटून मी ऐनवेळी गाडी उजवीकडच्या मार्गिकेत घातली. मागून येणाऱ्या ट्रकने कर्कश भोंगा वाजवला. मी दचकून पुन्हा मूळ मार्गिकेत आलो आणि फाटा चुकला. मागच्या सीटवर आई गप्प झाली. मी मात्र बाबांवर घसरलो, “बाबा, लक्ष कुठे आहे तुमचं? एवढी मोठी पाटी दिसत नाही?”

बाबा शांतपणे म्हणाले, “अरे, जे लिहिलेलंच नाही ते मी वाचू कसं?”

पुढच्या पेट्रोल पंपावर चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पाटी होती, आणि चांगली ठळक होती. पण तिच्यावर रोमन लिपीत ‘लुइक’ असे लिहिलेले होते. लुइक हे लीएजचेच डच भाषेतले नाव. बेल्जियमच्या उत्तर भागात डच बोलतात, दक्षिण भागात फ्रेंच. १९६२-६३ सालच्या कायद्यांनी या दोन भागांमधली भाषासीमा कायम झाली. सीमेच्या ज्या बाजूला रस्ता, त्या बाजूच्या भाषेत पाटी. म्हणून एकच शहर डच भागात लुइक असते आणि पुढे गेल्यावर लीएज होते. मोन्स या गावाचे असेच बेर्खेन होते. फ्रान्समधल्या लील शहराला डच लोक रैसेल म्हणतात. खुद्द आमच्या आखेनचे डच नाव आकेन आणि फ्रेंच नाव एक्स-ला-शापेल!

पाटी बरोबर होती. वाचणाराही बरोबर होता. तरी निरोप पोचला नाही, आणि एका क्षणी आमच्या तिघांच्याही जिवावर बेतले असते. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो. रस्त्यावरच्या पाट्यांचा इतिहास हा आपल्या शिक्षकांच्या कामाशी फार जवळचे नाते असलेला इतिहास आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. तो थोडक्यात सांगतो.

सायकलवाल्यांच्या पाट्या

पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्या माणसाला पाटीची फारशी गरज नसते. त्याचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर. शंका आली तर थांबून समोरच्या माणसाला विचारायचे. अंतर कळावे म्हणून मैलाचा दगड असला की पुरे. तो जवळ जाऊन, वाकून वाचला तरी चालतो.

परिस्थिती बदलली ती सायकलीमुळे. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये सायकलने लांब लांब फिरण्याची हौस वाढली. उतारावर सायकल भरधाव सुटे आणि पुढे वळण आहे की दगड, हे परक्या माणसाला कळत नसे. गावकऱ्यांना तो उतार पाठ असे. त्यामुळे पाटी लावण्याची गरज गावाला कधी वाटलीच नव्हती. शेवटी सायकलस्वारांच्या संघटनांनीच धोक्याच्या उतारांवर इशाऱ्याच्या पाट्या लावायला सुरुवात केली. म्हणजे इशाऱ्याची पाटी जन्माला आली ती परक्या माणसासाठी, आणि तीही परक्या माणसांनीच लावली. हा मुद्दा लक्षात ठेवू, कारण पुढच्या शंभर वर्षांत तो वारंवार विसरला गेला.

मग मोटारी आल्या. मोटारवाला एका दिवसात सरहद्द ओलांडू लागला, तशी निरनिराळ्या देशांतल्या निरनिराळ्या खुणांची अडचण जाणवू लागली. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मोटार वाहतुकीविषयी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात फक्त चार चिन्हे ठरली : खाचखळग्याचा रस्ता, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. ही चिन्हे धोक्याच्या जागेपासून सुमारे २५० मीटर अलीकडे लावायची, असेही त्यात म्हटले होते.

या २५० मीटरमध्ये विज्ञान आहे. पाटी धोक्याच्या जागी लावून उपयोग नाही. वाचायला वेळ हवा, निर्णय घ्यायला वेळ हवा आणि ब्रेक लागायला अंतर हवे. पाटीचा प्रश्न असा पहिल्यापासूनच वेळ, वेग आणि अंतर यांच्या गणिताचा आहे.

आकार आधी, अक्षर नंतर

दुसरी महत्त्वाची कल्पना अमेरिकेतून आली. तिथे ‘थांबा’ अशी पहिली पाटी १९१५ साली डेट्रॉइट शहरात लागली. ती पांढरी, चौकोनी आणि काळ्या अक्षरांची होती. १९२३ च्या सुमारास मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या राज्यांच्या महामार्ग खात्यांनी एकत्र येऊन ठरवले की पाटीच्या आकारावरूनच धोका किती मोठा ते कळले पाहिजे. जितक्या बाजू जास्त तितका धोका मोठा. वर्तुळाला जणू अनंत बाजू, म्हणून ते रेल्वे फाटकासाठी. अष्टकोन ‘थांबा’साठी. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन सावधगिरीच्या सूचनेसाठी आणि आयत माहितीसाठी. अष्टकोनाचा फायदा असा की तो बर्फाने झाकला, अंधारात अर्धवट दिसला किंवा मागच्या बाजूने पाहिला तरी ओळखू येतो.

‘थांबा’ची पाटी तेव्हा लाल नव्हती, पिवळी होती. उन्हापावसात टिकणारा लाल रंग मिळत नव्हता. तो मिळू लागल्यावर १९५४ साली अमेरिकेने ही पाटी लाल केली. ‘लाल म्हणजे थांबा’ हे आपल्याला निसर्गनियमासारखे वाटते, पण पाटीच्या बाबतीत ते रंगरसायनाच्या प्रगतीवर अवलंबून होते!

युरोपात १९३१ साली जिनिव्हा येथे आणखी एक करार झाला. त्याने आकारांचे तीन वर्ग केले. धोक्यासाठी त्रिकोण, मनाई किंवा आज्ञेसाठी वर्तुळ आणि माहितीसाठी आयत. आपल्याकडे वाहन परवान्याच्या परीक्षेसाठी मुले जी चिन्हे पाठ करतात, त्यांत हेच वर्ग दिसतील.

डोळ्याचे गणित

आता अक्षरांकडे वळू. किती मोठे अक्षर किती अंतरावरून दिसेल? याचे उत्तर मोटारीच्याही आधी मिळाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो, तो हॉलंडमधल्या उट्रेख्त येथील हेर्मान स्नेलेन या डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातल्या एका भागाला मिनिट म्हणतात. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा दिसतो. अक्षराची उंची अशा पाच तपशिलांएवढी, म्हणजे पाच मिनिटे धरली, तर सहा मीटर अंतरावरच्या अक्षराची उंची सुमारे ९ मिलिमीटर येते. डॉक्टर ज्याला ‘सहा बाय सहा’ दृष्टी म्हणतात, ती हीच.

म्हणजे चांगल्या डोळ्याला एक सेंटिमीटर उंचीचे अक्षर फार तर सात मीटरवरून वाचता येईल. तीस सेंटिमीटरचे अक्षर सुमारे दोनशे मीटरवरून. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर ती सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. दोनशे मीटरला सात सेकंद. एवढ्यात नाव शोधायचे, बाण पाहायचा, आरशात मागची गाडी बघायची आणि मार्गिका बदलायची. नावे आठ-दहा असतील, किंवा भाषा परकी असेल, तर हे सात सेकंद कसे संपतात ते माझ्यासारख्या माणसाला विचारा.

ज्ञानाची मशाल

हे सगळे ठाऊक असूनही पाट्या कशा असत, ते पाहायचे तर १९५०च्या दशकातले ब्रिटन पाहावे. कापडगिरण्या, आगगाड्या आणि जहाजांच्या या देशात रस्त्यावरच्या पाट्यांचा मात्र गोंधळ होता. युरोपातले बहुतेक देश चित्रांकडे वळले असताना ब्रिटनमध्ये शब्दांवर भर होता. ‘थांबा, पुढे मोठा रस्ता आहे’ अशी वाक्येच्या वाक्ये पाटीवर असत, आणि तीही सगळी कॅपिटल अक्षरांत. दिशादर्शक पाट्यांवर एका जागी नावे दाटीवाटीने कोंबलेली, तर दुसऱ्या जागी पाटीच नाही.

शाळेजवळच्या पाटीचे उदाहरण तर शिक्षकांनी आवर्जून ऐकण्यासारखे आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत शाळेची खूण म्हणून काय होते? एक पेटती मशाल! ज्ञानाचा प्रकाश, असा त्याचा अर्थ. कल्पना उदात्त होती यात शंका नाही. पण ताशी पन्नास किलोमीटरने येणाऱ्या ट्रकवाल्याला मशाल पाहून ‘पुढे लहान मुले रस्ता ओलांडत असतील’ हे सुचावे कसे? ही पाटी काढणाऱ्याच्या मनात शाळेचा गौरव होता. गाडी चालवणारा माणूस त्याच्या मनात नव्हता. पुढे मशाल जाऊन मुलांचे चित्र आले. त्यात टोपी घातलेला, चांगल्या घरचा वाटणारा शाळकरी मुलगा लहान मुलीला घेऊन चाललेला होता.

किनिअर आणि कॅल्व्हर्ट

बदलाची गरज निर्माण झाली ती महामार्गांमुळे. ब्रिटनचा पहिला जलदगती महामार्ग म्हणजे प्रेस्टन शहराला वळसा घालणारा सुमारे १३ किलोमीटरचा रस्ता. त्याचे उद्घाटन पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांच्या हस्ते ५ डिसेंबर १९५८ रोजी झाले. या महामार्गावर त्या वेळी वेगमर्यादा नव्हती. जुन्या पाट्या इथे चालणार नाहीत हे उघड होते. म्हणून १९५७ सालीच सर कॉलिन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. समितीने पाट्यांचे काम जॉक किनिअर या चित्रकल्पकाकडे सोपवले. किनिअर यांनी त्याआधी गॅटविक विमानतळाच्या पाट्या केल्या होत्या. मदतीला त्यांनी आपलीच विद्यार्थिनी घेतली. तिचे नाव मार्गारेट कॅल्व्हर्ट. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली ही मुलगी तेव्हा विशीत होती.

या गुरू-शिष्येने सुरुवातच वेगळी केली. ‘पाटीवर काय लिहायचे?’ हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. ‘मी या रस्त्याने वेगात चाललो आहे, तर मला काय कळायला हवे?’ हा प्रश्न त्यांनी पहिला घेतला. त्यातून पुढच्या गोष्टी ठरत गेल्या.

पहिली गोष्ट, फक्त कॅपिटल अक्षरे न वापरता पहिले अक्षर कॅपिटल आणि बाकीची स्मॉल घ्यायची. स्मॉल अक्षरांत काही वर डोकावतात, काही खाली लोंबतात. त्यामुळे प्रत्येक गावाच्या नावाला स्वतःची बाह्याकृती मिळते आणि ओळखीचे नाव लांबूनही ओळखता येते, असे त्यांचे म्हणणे होते. (आपण शब्द त्याच्या बाह्याकृतीवरून वाचतो हे आजचे वाचनशास्त्र तसेच्या तसे मानत नाही. अक्षरे ओळखूनच शब्द ओळखला जातो, असे आज बहुतेक संशोधक म्हणतात. पण सवयीची अक्षरे सवयीच्या रूपात असावीत, याला कुणाचा विरोध नाही.)

दुसरी गोष्ट, पाटीचा आकार आधी ठरवून त्यात मजकूर बसवायचा नाही. आधी मजकूर, मग अक्षराची उंची, मग अक्षरांमधल्या मोकळ्या जागा, आणि या सगळ्यांवरून पाटीचा आकार. प्रत्येक अक्षराभोवतीची जागा त्यांनी ठरवून दिली, जणू प्रत्येक अक्षर वेगळ्या फरशीवर बसवले आहे. फरश्या शेजारी शेजारी मांडल्या की कोणत्याही गावच्या कारागिराला पाटी नीट करता यावी.

तिसरी गोष्ट, चौकाची पाटी म्हणजे चौकाचा नकाशा. चालक ज्या बाजूने येतो ती बाजू खाली, आणि मोठा रस्ता जाड रेघेने, लहान रस्ता बारीक रेघेने. जाड-बारीक रेघेचा अर्थ सांगायला वेगळा शब्द लागत नाही.

नमुने त्यांनी टेबलावर ठेवून तपासले नाहीत. एका तळघरातल्या वाहनतळात आणि लंडनच्या हाइड पार्कमध्ये झाडांना टेकवून ते लांबून पाहिले. महामार्गासाठी निळ्यावर पांढरी अक्षरे ठरली. पुढे मुख्य रस्त्यांसाठी हिरवी आणि स्थानिक रस्त्यांसाठी पांढरी पाटी आली.

बेन्सनच्या धावपट्टीवर

नव्या पाट्यांवर टीकाही झाली. दगडावर अक्षरे कोरणारे विख्यात कारागीर डेव्हिड किंडरस्ली यांना त्या बोजड वाटल्या. कॅपिटल अक्षरेच, पण टोकांना बारीक पंख असलेली, कमी जागेत जास्त अंतरावरून वाचता येतात, असा त्यांचा दावा होता. त्यांनी स्वतःची अक्षरेही तयार केली. वाद वर्तमानपत्रांत गेला. मग जे व्हायला हवे तेच झाले. सरकारच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने प्रयोग केला.

बेन्सन येथील विमानतळावर मोकळ्या जागेत एका मंचावर वायुदलातल्या माणसांना बसवले. मोटारीच्या टपावर पाटी बसवून ती मोटार त्यांच्याकडे चालवत आणायची, आणि कोणत्या अंतरावर पाटी वाचता येते याची नोंद घ्यायची. वाचणारा स्थिर आणि पाटी चालती! सापेक्ष गतीचे याहून चांगले उदाहरण वर्गात सांगायला मिळणार नाही.

निकाल काय लागला? किंडरस्लींची अक्षरे अगदी किंचित सरस ठरली. पण फरक इतका थोडा होता की त्यावरून निर्णय घेण्यात अर्थ नव्हता. अखेर दिसायला बरी म्हणून किनिअर-कॅल्व्हर्ट यांची अक्षरे निवडली गेली. किंडरस्लींची अक्षरे वाया गेली नाहीत. इंग्लंडमधल्या अनेक गल्ल्यांच्या नावांच्या पाट्यांवर ती आजही दिसतात, आणि तिथे ती शोभतात. गल्लीत माणूस सावकाश चालतो.

ही हकीकत मला फार आवडते. विज्ञानाचा प्रयोग नेहमीच एका बाजूने कौल देतो असे नाही. कधी तो ‘दोन्ही जवळपास सारखे’ असे सांगतो. त्यानंतर निवड दुसऱ्या कारणाने करावी लागते, आणि ते कारण लपवू नये.

मुलीच्या हातात मुलाचा हात

महामार्गांवरच्या पाट्या सुधारल्या, तशा इतर रस्त्यांवरच्या पाट्या अधिकच वाईट दिसू लागल्या. १९६१ साली हर्बर्ट स्पेन्सर या मुद्रणतज्ज्ञाने मध्य लंडनमधल्या मार्बल आर्चपासून हीथ्रो विमानतळापर्यंतच्या रस्त्यावरच्या पाट्यांची छायाचित्रे काढून आपल्या नियतकालिकात छापली. टीका लिहिण्याची गरजच पडली नाही. तेवढ्या अंतरात इतक्या तऱ्हेच्या अक्षरांच्या, आकारांच्या आणि रंगांच्या पाट्या होत्या की चित्रांनीच सगळे सांगितले.

त्याच वर्षी सर वॉल्टर वर्बॉइज यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६३ साली आला आणि नवी पद्धत १ जानेवारी १९६५ पासून लागू झाली. चित्रमय चिन्हे युरोपातल्या करारांच्या धर्तीवर घेतली गेली. त्यांतली अनेक चित्रे मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्या हातची आहेत. गुरांच्या चिन्हातली गाय त्यांच्या नातेवाइकांच्या शेतावरच्या पेशन्स नावाच्या गाईवरून काढलेली आहे. शाळेच्या चिन्हात त्यांनी टोपीवाला मुलगा काढून टाकला. आता मोठी मुलगी लहान मुलाचा हात धरून धावपळीत रस्ता ओलांडताना दिसते. ती मुलगी त्यांनी स्वतःच्या लहानपणच्या छायाचित्रावरून काढली. मशालीपासून या मुलीपर्यंतचा प्रवास म्हणजे शाळा ‘काय आहे’ येथून शाळेजवळ ‘काय घडते’ येथपर्यंतचा प्रवास आहे. चालकाला दुसरीच गोष्ट कळायला हवी असते.

कोणाचा डोळा प्रमाण?

अक्षर केवढे असावे, हा प्रश्न मात्र इथे संपला नाही. अमेरिकेत जुना ठोकताळा असा होता की एक इंच उंचीचे अक्षर पन्नास फुटांवरून वाचता येते. हे प्रमाण स्नेलेनच्या निरोगी डोळ्याच्या बरेच जवळ आहे. तिथल्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने पुढे पन्नासाचे चाळीस फूट धरले आणि २००९ च्या आवृत्तीने तीस. म्हणजे तेवढ्याच अंतरावरून वाचण्यासाठी अक्षरे आता मोठी हवीत.

या काळात प्रकाशशास्त्राचे नियम बदलले का? अर्थातच नाही. बदलला तो प्रमाण मानलेला डोळा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ‘सहा बाय बारा’ दृष्टीच्या माणसाला, म्हणजे निरोगी डोळ्याच्या निम्म्या क्षमतेच्या माणसाला, गाडी चालवण्याचा परवाना मिळतो. गणित केले तर त्याच्यासाठी एक इंचाला सुमारे २९ फूट येतात. परवाना ज्याला दिला, त्याला पाटी वाचता आली पाहिजे, एवढीच साधी गोष्ट. ती नियमात उतरायला एकविसावे शतक उजाडले.

चित्राला जे जमत नाही

८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे रस्त्यावरच्या चिन्हांचा नवा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानेही तो स्वीकारला आहे. आपल्याकडच्या चिन्हांची सविस्तर संहिता इंडियन रोड्स काँग्रेसने १९७७ साली प्रसिद्ध केली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली. मग जगभर एकच पद्धत झाली का? पूर्ण नाही. अमेरिका या करारात नाही. करारातही पर्याय आहेत. धोक्यासाठी कोणी त्रिकोण वापरतो, कोणी कोपऱ्यावर उभा चौकोन. एककांचा गोंधळ वेगळाच. ब्रिटनमध्ये आजही मैल आहेत. शेजारच्या आयर्लंडमध्ये तर २००५ सालापर्यंत नव्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा ताशी मैलांत असे! २० जानेवारी २००५ रोजी तिथे वेगमर्यादाही किलोमीटरमध्ये आली.

आणि नावांचे काय? वळणाचे चित्र काढता येते, गाईचे काढता येते, पण ‘लीएज’चे चित्र काढता येत नाही. तिथे भाषा येते, लिपी येते आणि त्यांच्याबरोबर माणसांचा अभिमानही येतो. आपली भाषा पाटीवर असावी ही इच्छा चुकीची नाही. पण निपाणी ओलांडून पुढे गेलेला मराठी माणूस कन्नड बसच्या पाटीसमोर निरक्षर होतो, आणि सोलापूरच्या स्थानकावर उतरलेला कन्नड माणूस आपल्या एसटीच्या पाटीसमोर. पाटी तेव्हा फक्त घरच्यांशी बोलते.

आता मोबाइलमधला नकाशा वाट सांगतो, मग पाट्या हव्यात कशाला, असे कोणी विचारील. पण काम चालू असलेला रस्ता, नुकतीच बदललेली मार्गिका, पुढची शाळा, हे सगळे पाटीच सांगते. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची जाणीव देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्यासाठी अनेक मोटारींतला कॅमेरा पाट्याच वाचतो. म्हणजे पाटीला एक नवा परका वाचक मिळाला आहे.

शेवटच्या बाकावरून

शेवटी वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. खर्च काही नाही. फळ्यावर तीन सेंटिमीटर उंचीची अक्षरे लिहा : घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष. क्रम उलटसुलट करा. प्रत्येक विद्यार्थ्याला लांबून हळूहळू पुढे यायला सांगा आणि पहिल्यांदा सगळी अक्षरे बिनचूक वाचता आली तिथे खडूने खूण करा. मग तोच प्रयोग दीड सेंटिमीटरच्या अक्षरांनी करा. अंतर निम्मे होते का ते पाहा. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे घालून पुन्हा पाहा. घ आणि ध यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा जागेत आहे. रोमन अक्षरांसाठी काढलेले गणित आपल्या देवनागरीला पुरते की कमी पडते, हे तुमचे विद्यार्थीच तुम्हाला सांगतील. खुणांचा आलेख काढला तर एखाद्या मुलाला चष्म्याची गरज आहे हेही लक्षात येईल.

हिशेबासाठी एवढे लक्षात ठेवा. शेवटचा बाक फळ्यापासून नऊ मीटरवर असेल तर निरोगी डोळ्यालाही १३ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर वाचता येणार नाही. ‘सहा बाय बारा’ दृष्टीच्या मुलाला २६ मिलिमीटर हवे. आपण फळ्यावर कोपऱ्यात दाटीवाटीने लिहितो ती तळटीप केवढी असते, हे एकदा फूटपट्टीने मोजावे.

त्या दिवशी आखेनला पोचायला रात्र झाली. जेवताना मी बाबांना म्हटले, “बाबा, चुकलं माझं. उगाच ओरडलो.” ते हसले. म्हणाले, “मीही खूप मुलांवर असाच ओरडलोय रे. फळ्यावर एवढं मोठं लिहिलंय, दिसत नाही का, म्हणून. नोकरीची पहिली दहा वर्षं तरी मी शेवटच्या बाकावर जाऊन माझा फळा कधी बघितलाच नव्हता.”

“मग पुढे बघितलात?” मी विचारले.

“एकदा बघितला. त्यानंतर रोज बघत होतो,” बाबा म्हणाले.